मुक्तागिरीच्या वाटेवरची गाणी

गेल्या भाद्रपदात दशलक्षण पर्व आटोपले, क्षमावाणी झाली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी तुमसरहून मोठ्या भैयांचा फोन आला. ते स्वतःहून फोन करतात तेव्हा काही तरी कारण असतेच. “अम्मा म्हणते, मुक्तागिरीला जायचे आहे. दोघांनी मिळून न्यायचे म्हणते, आणि एकाच गाडीत.” एवढे सांगून ते थांबले. मीही क्षणभर थांबलो. (घरात आम्ही बुंदेलीकडे झुकणारी हिंदी बोलतो आणि बाजारात मराठी. येथे सर्वांचे बोलणे मराठीतच देत आहे.)

आम्हा दोघा भावांत भांडण नाही. २००३ साली दुकान आणि घर यांची वाटणी झाली. तेव्हापासून लग्नकार्यात भेटतो, मंदिरात भेटतो, क्षमावाणीला हात जोडून ‘उत्तम क्षमा’ म्हणतो आणि आपापल्या घरी जातो. ते तुमसरला धानाच्या व्यापारात, मी बँकेच्या बदल्यांतून फिरत शेवटी भंडाऱ्याला स्थिरावलेला. अम्मा नव्वदीला टेकलेली. तिला नाही म्हणणे शक्य नव्हते. परंतु जाता-येता सहाशे किलोमीटर शेजारी बसून भैयांशी बोलायचे काय, हा प्रश्न माझ्यापुढे खरोखरच उभा राहिला. पत्नीने उपाय सुचविला, “गाणी लावा. गाणी असली की बोलावे लागत नाही.”

हा उपायही दिसतो तितका सोपा नव्हता. आमच्या घरात गाण्यांविषयी एकमत असे कधी झालेच नाही. अम्माला स्तोत्रे आणि भजने हवीत, तीही तिच्या परिचयाच्या चालींवर. पत्नीला सत्तरच्या दशकातली हिंदी चित्रपटगीते हवीत. मला मराठी भावगीते प्रिय. नागपूरला शिकत असताना गजानन वाटवे, अरुण दाते यांची गाणी वसतिगृहातल्या एका मित्राच्या रेडिओवर ऐकली आणि तो छंद जडला तो जडलाच. भाभींना गाण्यापेक्षा प्रवचन बरे वाटते. भैयांची नात नागपूरला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, ती वाटेत गाडीत बसणार होती. तिची गाणी तर आम्हा कोणालाच ठाऊक नव्हती. आणि भैया? त्यांना गाण्याचे अंगच नाही, ही घरातली सर्वमान्य गोष्ट होती. धान, तांदूळ, कोंडा आणि बाजारभाव याखेरीज त्यांनी कशाकडे कान दिल्याचे मला आठवत नव्हते.

चाळीस वर्षांची सवय अशी सहज सुटत नाही. निघण्याच्या आदल्या रात्री मी कागद घेतला आणि पाळ्या लावल्या. प्रत्येकाला अर्धा तास, क्रम वयाप्रमाणे, दुसऱ्याच्या पाळीत तक्रार करायची नाही. पत्नी हसली. “टोकनही वाटा,” म्हणाली.

पहाटे पाचला तुमसरहून गाडी भंडाऱ्याला आली. अम्मा पुढे, चालकाच्या शेजारी. मधल्या बाकावर भैया, भाभी आणि मी. मागे पत्नी, डबे आणि उकळलेल्या पाण्याचे थर्मास. मी कागद वाचून दाखविला. अम्माने मान डोलावली. भैयांनी खिडकीकडे पाहत म्हटले, “माझी पाळी कोणालाही दे. मला काही लागत नाही.” मी त्यांच्या नावापुढे फुली मारली.

अम्माने यंत्र लावूच दिले नाही. भक्तामर ती स्वतःच म्हणू लागली. आचार्य मानतुंगांचे हे स्तोत्र आपल्याकडे अठ्ठेचाळीस श्लोकांचे म्हटले जाते, श्वेतांबर बांधव चव्वेचाळीस म्हणतात. सारे श्लोक एकाच वसंततिलका वृत्तात. एका ओळीत चौदा अक्षरे आणि त्यांचे ऱ्हस्व-दीर्घ ठरलेले, त्यामुळे एकदा कान बसला की शब्द विसरला तरी लय पुढे ढकलत नेते. अम्माचे दात गेले आहेत, श्वास पुरत नाही, तरी एक श्लोक चुकला नाही. दोन्ही बाजूंना निसवू लागलेले धान आणि त्यावर उजाडत होते. मौद्याला कन्हान नदी ओलांडली तेव्हा तिचा शेवटचा श्लोक संपला.

उरलेल्या वेळात तिने पेनड्राइव्हवरची भजने लावायला सांगितली आणि तिसऱ्याच भजनाला तिची तक्रार सुरू झाली. “ही चाल सिनेमाची आहे. देवाच्या नावाला सिनेमाची चाल लावतात. आमच्या वेळी असे नव्हते.” ही तक्रार आपल्या समाजात घरोघरी ऐकू येते आणि मलाही एके काळी ती पटत असे. निवृत्तीनंतर थोडे वाचन झाले तेव्हा वेगळेच समजले. गुजरात-राजस्थानातल्या आपल्या जुन्या साधुकवींनी रास आणि स्तवने रचली, त्यांच्या प्रत्येक ढाळेच्या माथ्यावर ‘अमुक गीताची देशी’ असे लिहिलेले असते. म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या एखाद्या गाण्याची चाल. त्यात लग्नातली गाणी आहेत, विरहाची आहेत. मोहनलाल दलीचंद देसाई यांनी ‘जैन गूर्जर कविओ’ या ग्रंथात अशा देशींची मोठी सूचीच दिली आहे. मूळ गाणी कित्येकदा नाहीशी झाली, त्यांची पहिली ओळ तेवढी आपल्या स्तवनांच्या माथ्यावर शिल्लक राहिली. आपल्या पंडित दौलतरामजींच्या ‘छहढाला’तही सहा ढाळा आहेत आणि त्यांचे छंद वेगवेगळे आहेत. हे सारे मी अम्माला मोठ्या उत्साहाने सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “असेल. पण ही चाल सिनेमाचीच आहे.”

नागपूरला नात चढली. कानात दोन पांढऱ्या गुंड्या, हातात फोन, पाठीवर पिशवी. दशलक्षणाचे दहा दिवस आमच्याकडे चित्रपटगीत वाजत नाही. वसतिगृहात राहूनही तिने हा नियम पाळला होता, हे भाभींनी अभिमानाने सांगितले. “म्हणूनच आता माझी पाळी मोठी हवी,” ती म्हणाली. तिचा फोन गाडीला जोडला गेला आणि अरिजित सिंगपासून कोरियन मुलांच्या गाण्यांपर्यंत सर्व काही वाजले. कोरियन गाण्याला अम्मा म्हणाली, “शब्द कळत नाहीत हे बरेच झाले.” तक्रार करायची नाही हा नियम तिच्या वयाला लागू नसावा. रहमानचे एक गाणे मात्र सर्वांनी मन लावून ऐकले.

माझी पाळी आली तोवर बाजारगाव मागे पडले होते. मी निवडून आणलेली भावगीते लावली. दुसऱ्या गाण्याला भाभींना झोप लागली, तिसऱ्याला नातीने गुंड्या पुन्हा कानात घातल्या, चौथ्याला पत्नी म्हणाली, “गाणे छान आहे, पण यात सगळेच इतके दुःखी का असतात?” माझ्या आवडीचा इतका स्वच्छ ताळेबंद पूर्वी कोणी मांडला नव्हता. मनाला लागले, हे कबूल करतो. आपल्याला प्रिय असलेले गाणे दुसऱ्याला ऐकविणे म्हणजे आपली वही त्याच्यापुढे उघडी करणे असते, आणि त्याने नुसती पाने उलटून ती परत दिली की अपमान झाल्यासारखे वाटते. भैया मात्र जागे होते. डोळे मिटलेले, पण उजव्या हाताचे बोट गुडघ्यावर हलत होते. मी ते पाहिले आणि धानाचा काही हिशेब चालला असेल असे समजलो.

कोंढाळीच्या पुढे आमचा धानाचा मुलूख पार मागे राहिला. कापूस आणि संत्र्याच्या बागा दिसू लागल्या. तळेगावला गाडी थांबवून पुऱ्या, मठरी आणि दही असा नाश्ता झाला. तेथे नातीने विचारले, “छोटे दादाजी, तुमच्या कागदावर ड्रायव्हर काकांचे नाव का नाही?” खरेच नव्हते. सात माणसांची गाडी आणि मी सहा माणसांचा हिशेब केला होता. मोहाडीकडचा तो चालक संकोचून म्हणाला, “राहू द्या जी काकाजी. पन आता मोझरी येते, तर राष्ट्रसंतांचं एक भजन लावतो, चालन का?”

गुरुकुंज मोझरी अमरावतीच्या रस्त्यालाच आहे. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली हा आश्रम वसविला आणि १९६८ साली येथेच देह ठेवला. चालकाच्या पेनड्राइव्हमधून खंजिरी वाजू लागली आणि पुढच्या बाकावर अम्मा सावरून बसली. “हे तर आपल्या ओसरीवरचे,” ती म्हणाली. धान घेऊन आलेल्या गाड्यांना मोजमाप होईपर्यंत मुक्काम पडे. ते शेतकरी रात्री आमच्या दुकानाच्या ओसरीवर झोपत आणि झोपण्यापूर्वी ही भजने म्हणत, असे तिने सांगितले. स्वयंपाकघरात बसून ती ऐकत असे. चालक आरशातून तिच्याकडे पाहत होता. आश्रमापाशी त्याने गाडी बाजूला घेतली, उतरून हात जोडले आणि पुन्हा येऊन बसला. माझ्या कागदावरची वेळ केव्हाच उलटून गेली होती. कोणी काही म्हटले नाही.

त्यानंतर पुन्हा अम्माचा पेनड्राइव्ह लागला. आवाज रवींद्र जैन यांचा होता. पत्नी मागून म्हणाली, “अम्मा, हे तेच बरे का. ‘चितचोर’ची गाणी यांचीच. माझ्या पाळीत लावणार होते.” अम्माचा विश्वास बसेना. अलीगढचे, जन्मापासून दृष्टिहीन, लहानपणी मंदिरात भजने म्हणणारे रवींद्र जैन तिला ठाऊक होते. चित्रपटवाले रवींद्र जैन दुसरे कोणी तरी असावेत अशी तिची समजूत होती. आम्ही तिला पटवीत असतानाच माझ्या शेजारून आवाज आला, “‘अंखियों के झरोखों से.’ १९७८. त्या वर्षी पहिल्या पायदानावर होते.”

भैया बोलले होते. डोळे तसेच मिटलेले.

नातीने फोनवर पाहिले. “बरोबर आहे! बडे दादाजी, तुम्हाला कसे माहीत? बरे, १९७० सांगा.”

“‘दो रास्ते’.”

“१९६९?”

“‘इंतकाम’. आणि त्याच्या आधीच्या वर्षी ‘शागिर्द’. तिन्ही लक्ष्मीकांत-प्यारेलाल.” आता त्यांनी डोळे उघडले. “१९७१ ‘अंदाज’. त्र्याहत्तरला ‘जंजीर’, चौऱ्याहत्तरला ‘कोरा कागज’. ती दोन्ही वर्षे कल्याणजी-आनंदजींची. कच्छी किराणा दुकानदाराची पोरे.” शेवटचे वाक्य बोलताना ते किंचित हसले.

तरुण वाचकांसाठी सांगतो. रेडिओ सिलोनवर १९५२ साली बिनाका गीतमाला सुरू झाली. दर बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सायानी लोकप्रियतेच्या उलट क्रमाने गाणी सांगत. सोळाव्या पायदानापासून पहिल्यापर्यंत. वर्षाअखेरीस साऱ्या वर्षाचा क्रम लागे. श्रीलंकेहून येणाऱ्या शॉर्टवेव्हचा आवाज लाटेसारखा वर-खाली होई आणि नेमके पहिले गाणे येताना तो बुडे.

सोळा हा आकडा ऐकला आणि माझ्या अंगावर काटा आला. त्याचे कारण सांगितल्यावाचून हा लेख पुढे जाणार नाही.

१९६८ साली वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. भैया तेव्हा पंधरा वर्षांचे. त्यांची शाळा सुटली आणि ते गादीवर बसले. मी नऊ वर्षांचा होतो. मी शिकलो, नागपूरला गेलो, बी.कॉम., एम.कॉम. झालो, बँकेत लागलो. त्या साऱ्या वर्षांत दरमहा मनीऑर्डर येत असे आणि पाठविणाऱ्याच्या जागी भैयांची सही असे. पुढे २००३ मध्ये वाटणीची वेळ आली तेव्हा मी, बँकेचा अधिकारी, म्हणालो की वाटणी आकड्यांवर व्हावी, मला वह्या पाहू द्या. त्यांनी एका शब्दाने विरोध केला नाही. दुसऱ्या दिवशी पस्तीस वर्षांच्या लाल बांधणीच्या रोकडवह्या गाडीत घालून माझ्या घरी पोचत्या केल्या.

मी लाल पेन्सिल घेऊन बसलो. रोकड चोख होती. परंतु जुन्या वह्यांच्या शेवटच्या पानांवर मला काही वेगळेच आढळले. दर बुधवारची तारीख, खाली सोळापासून एकपर्यंत आकडे आणि प्रत्येक आकड्यापुढे एक-दोन अक्षरे. ‘शा.’, ‘दो.’, ‘अं.’ असे काही. रकमा नाहीत. जमा नाही, नावे नाही. अशा खुणांच्या नोंदी माझ्या नोकरीत मी पाहिल्या होत्या आणि त्यांतून काय निघते हेही पाहिले होते. मी भैयांना सर्वांदेखत विचारले, “ह्या सोळा नोंदी कशाच्या?” ते म्हणाले, “त्या दुकानाच्या नाहीत. सोडून दे.” मी म्हणालो, “दुकानाच्या वहीत दुकानाची नसलेली नोंद कशी असेल?” त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि पुढे काहीच बोलले नाहीत. वाटणी झाली, कागदांवर सह्या झाल्या. मला माझा हिस्सा पूर्ण मिळाला. किंबहुना थोडा अधिकच मिळाला. तो अधिक का मिळाला याचाही अर्थ मी त्या सोळा नोंदींशी लावला होता.

गाडीत हे सारे माझ्या डोक्यात चालले असताना अम्मा पुढून बोलत होती. “यांच्या बाबूजींना सिनेमाची गाणी खपत नसत. आतल्या खोलीत पडलेले असत, पण कान तिखट. हा बुधवारी रेडिओला कान लावून बसे आणि मी मधले दार लावून घेत असे.” भैया तिच्याकडे पाहतच राहिले. “तुला माहीत होते?” त्यांनी विचारले. “दार काय आपोआप लागत होते?” अम्मा म्हणाली.

अमरावती, वलगाव, परतवाडा. हा सारा रस्ता नातीने आजोबांची परीक्षा घेण्यात घालविला. मधल्या पायदानांपर्यंत ती गेली. पत्नीने आपली पाळी सोडून दिली. मी एक शब्द बोललो नाही.

मुक्तागिरी पाहिलेल्यांना वर्णन नको. खरपी सोडल्यावर हद्द ओलांडून आपण बैतूल जिल्ह्यात शिरतो आणि सातपुड्याच्या कुशीत पांढरी शिखरे दिसू लागतात. मंदिरे बावन्न. पाऊस चांगला झाला होता, धबधबा भरून कोसळत होता. अम्माने खालच्या मंदिरात दर्शन घेतले, वर एकदा डोळे भरून पाहिले आणि म्हणाली, “तुम्ही दोघे जाऊन या. माझी वंदना त्यातच आली.” भाभी तिच्यापाशी थांबल्या. पत्नी आणि नात भराभर पुढे गेल्या. भैयांचा गुडघा दुखतो, मी त्यांच्या पावलाने चाललो.

धबधब्यापाशी पायऱ्यांवर ते टेकले. पाण्याचा आवाज इतका होता की हळू बोललेले ऐकू गेले नसते. मला मोठ्यानेच म्हणावे लागले. “भैया, त्या सोळा नोंदींविषयी मी जे बोललो होतो, ते चूक होते.”

त्यांनी ऐकले. काही वेळ पाण्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “जेवण दिवसाउजेडी व्हायचे. आठनंतर गिऱ्हाईक नसे. वही समोरच असे.”

“त्या वेळी सांगितले का नाही?”

“काय सांगणार? पन्नाशीच्या माणसाने वकिलांसमोर सांगायचे, की मी गाणी लिहीत होतो?” मग थोड्या वेळाने, “आणि तू विचारले ते गाण्यांविषयी नव्हते.”

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते उठले, माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि आम्ही वरच्या मंदिराकडे निघालो.

सूर्यास्तापूर्वी धर्मशाळेत जेवलो, रात्र तेथेच काढली आणि दुसऱ्या दिवशी परतलो. येताना पाळ्यांचा कागद मी बाहेर काढला नाही. नातीने भैयांकडून नावे विचारून घेतली आणि ती गाणी शोधून शोधून लावली. एका गाण्याला अम्मा म्हणाली, “ही तर त्या भजनाची चाल!” तिला वाटले, सिनेमावाल्यांनी चोरली. कोणी तिची समजूत बदलली नाही. अमरावतीच्या पुढे भैयांनीच मला विचारले, “तुझी ती मराठी गाणी संपली का? काल तिसरे होते, ते पुन्हा लाव.” मी लावले. भाभी पुन्हा झोपल्या.

मला भंडाऱ्याला उतरवून गाडी तुमसरकडे गेली. त्या वह्या मी कधी परत केल्याच नव्हत्या, हे मला घराची पायरी चढताना आठवले. त्याच रात्री माळ्यावर चढलो. पत्नीने खालून शिडी धरली. दोन वह्यांना वाळवी लागली होती, बाकीच्या शाबूत होत्या. १९७२ ची वही काढली, धूळ पुसली, शेवटची पाने उघडली. पेन्सिलीने माझ्या हातचे लाल प्रश्नचिन्ह समासात तसेच होते.

साडेनऊ वाजले होते. भैया नऊला झोपतात हे ठाऊक असूनही फोन लावला. त्यांनी लगेच उचलला.

“नवव्या क्रमांकापुढे ‘पा.’ लिहिले आहे,” मी म्हणालो. “ते काय?”

“तारीख कोणती?” त्यांनी विचारले.